धक्क्यासाठी तुमच्या नऊ सकाळी द्या

दाभोळ खाडीच्या दोन्ही काठांवरच्या आमच्या गावकऱ्यांना आणि मुंबई-पुण्यातल्या आमच्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खारवीवाडीला आहे, मोहल्ल्याला आहे, कुणबीवाडीला आणि बौद्धवाडीला आहे. पलीकडच्या काठावर रोज सकाळी तरीची, म्हणजे खाडी ओलांडून नेणाऱ्या होडीची, वाट बघत जे उभे असतात, त्यांनाही आहे. ग्रामसभेत आपल्या तरीच्या धक्क्याचा विषय नेहमी शेवटी येतो. तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात. म्हणून सगळं लिहून काढलं. ज्यांना वाचणं जमत नाही त्यांना कुणीतरी वाचून दाखवा, एवढी विनंती.

मी २७ वर्षं याच धक्क्यावरून तरीत बसून पलीकडच्या शाळेत शिकवायला गेले. भरती असली की तर वरून तिसऱ्या पायरीला लागायची. ओहोटी असली की अगदी खालच्या पायरीला, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला तर त्याच्याही खाली, साडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात. पायऱ्या एकूण १९ आहेत. कुठली हलते, कुठलीवर शेवाळ लवकर धरतं, कुठलीच्या कडेला कालवं आहेत हे मला अंधारातही सांगता यायचं. आज त्यातल्या सात पायऱ्या जागेवर नाहीत. दोन तर गेल्या दोन पावसाळ्यांत गेल्या.

यंदाच्या पावसाळ्यात काय झालं ते खारवीवाडीला ठाऊक आहे, मुंबईकरांना कदाचित नसेल. पाचवीतला एक मुलगा शाळेतून येताना धक्क्याच्या वरच्या स्लॅबला पडलेल्या भगदाडात मांडीपर्यंत अडकला. भरती लागली होती. खालून पाणी चढत होतं, आणि गंजलेल्या सळ्या आत वळलेल्या असल्यामुळे पाय वर ओढला की त्या टोचायच्या. तर चालवणाऱ्या तांडेलकाकांनी ती तशीच सोडून दिली आणि धावत वर आले. त्यांनी आणि मोहल्ल्यातल्या दोघा मुलांनी हातांनी काँक्रीटचे तुकडे मोडून पाय मोकळा केला. १४ टाके पडले. चप्पल आतच राहिली. त्याच्या आधी वर्षभरात माशांची पाटी डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या एका काकींचं मनगट मोडलं होतं. त्या अजून त्या हाताने पाटी उचलत नाहीत.

त्या दिवसानंतर मला घरी बसवेना. कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पाणी पूर्ण खाली गेलेलं असताना, आपल्या गावच्या गवंड्यांना आणि पुण्याहून सुट्टीला आलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला घेऊन मी धक्क्याखाली उतरले. तो विद्यार्थी आता स्थापत्य अभियंता आहे. टेप होती, हातोडी होती, एक वही होती. तीन तास आम्ही इंच इंच ठोकून पाहिलं. जे सापडलं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपण सगळे समजत होतो की लाटांनी धक्का फोडला. इतक्या आतल्या खाडीत मोठ्या लाटा येतात कुठे? निसर्ग आणि तौक्ते या दोन वादळांत पाणी उसळलं हे खरं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा वाशिष्ठीतून वाहून आलेले ओंडके धक्क्याच्या नाकाडावर आदळले, हेही खरं. पण त्या आधीच धक्का आतून पोकळ झाला होता. हातोडी मारली की वरच्या अंगाला मडक्यासारखा आवाज येतो.

कारण असं. धक्क्याची दर्शनी भिंत दगडाची, आणि तिच्यामागे माती-दगडांचा भराव. भरतीला पाणी सांध्यांतून भरावात शिरतं. ओहोटी लागली की बाहेरचं पाणी झपाट्याने उतरतं, आतलं मागे राहतं. आत राहिलेलं पाणी भिंतीला आतून ढकलतं आणि सापडेल त्या फटीतून बाहेर पडताना मूठभर माती सोबत घेऊन जातं. दिवसाला दोन ओहोट्या, म्हणजे वर्षाला सातशेवर. मूठ मूठ करत किती माती गेली असेल याचा हिशेब करा.

जुन्या माणसांना हे कळत होतं. ज्यांनी मूळ धक्का बांधला, त्यांनी खालच्या दोन थरांत जागोजागी मोकळे सांधे सोडले होते आणि त्यांच्यामागे आधी मोठे धोंडे, मग गोटे, मग खडी, मग माती असा भराव घातला होता. पाणी निघून जायचं, माती अडायची. खालचे थर काळ्या दगडाचे, वरचे जांभ्याच्या चिऱ्यांचे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर राहून घट्ट होतो, घरांना आणि पाखाड्यांना त्याच्यासारखा दगड नाही. पण रोज भिजणं आणि रोज सुकणं त्याला मानवत नाही, तो खड्डे पडत झिजतो. म्हणून ओहोटीच्या पट्ट्यात काळा दगड. ही अक्कल त्यांनी कुठल्या कागदावर लिहून ठेवली नाही, धक्क्यात बांधून ठेवली.

मग मधल्या काळात एकदा धक्क्याची डागडुजी झाली. कुणी केली याची चर्चा मला नको, त्याने एक चिरा जागेवर येणार नाही. पण काय केलं ते समजून घ्यायला हवं, कारण तीच चूक आपण पुन्हा करू शकतो. समोरची भिंत छान दिसावी म्हणून सगळे सांधे सिमेंटच्या गिलाव्याने बंद केले. पाण्याची वाटच बंद झाली. दोन-तीन पावसाळ्यांत आतल्या दाबाने भिंतीला पोट आलं आणि गिलावा चिऱ्यांसकट सुटला. वर स्लॅब टाकला, त्यातल्या सळ्या जेमतेम एक इंच आत. समुद्राच्या पाण्यातलं मीठ काँक्रीटमध्ये झिरपत सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि आतून फुगून काँक्रीटचे पापुद्रे उडवतो. सगळ्यात जास्त गंज सतत पाण्याखाली असलेल्या भागाला लागत नाही. जो भाग घटकेत ओला आणि घटकेत सुका होतो, त्याला लागतो, कारण तिथे मीठही मिळतं आणि हवाही. म्हणजे नेमका आपल्या पायऱ्यांचा आणि स्लॅबच्या खालच्या अंगाचा पट्टा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या काँक्रीटसाठी आय.एस. ४५६ या भारतीय मानकात सळीवर ७५ मिलिमीटर आवरण सांगितलं आहे, तीन इंच. आपल्याकडे एक इंच होतं. मुलाचा पाय आत गेला तो त्या दोन इंचांतून.

मुरूडजवळचा पद्मदुर्ग ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल. तिथे तटाचे दगड लाटांनी खोलवर खाल्लेत आणि दोन दगडांमधला चुना मात्र जाळीसारखा उभा आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा चुना. मी शाळेची सहल घेऊन गेले होते, तेव्हा मुलं त्या जाळीत बोटं घालून बघत होती. पाण्यातलं बांधकाम टिकतं की नाही हे ठरतं ते अशा न दिसणाऱ्या जागी, सांध्यात, मागच्या भरावात, पाण्याखालच्या पहिल्या थरात.

आणि इथे मला मुंबईच्या मंडळाशी स्पष्ट बोलायचं आहे. तुम्ही गणपतीत बैठक घेतली, वर्गणी जाहीर केली, त्याबद्दल गाव तुमचं ऋणी आहे. पण त्या बैठकीत ठरलेली यादी मी वाचली. प्रवेशद्वारावर कमान, वर रंगीत फरशी, बसायला बाकं, दिव्यांचे खांब. फरशीवर पाणी आणि शेवाळ आलं की माणूस उभाच राहू शकत नाही. कमानीचं वजन पोकळ भरावावर पडणार. एकदा का वरचं सुंदर झालं, की खालचं बघायला पुढची २० वर्षं कुणी उतरणार नाही. मी हात जोडून सांगते, कमान नको. तेवढ्याच पैशात भिंतीचा तळ होतो आणि मागचा भराव होतो. दिवा एक हवा, तो खालच्या पायरीवर उजेड पडेल असा हवा.

तुमच्यातले जे जुने आहेत त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडलेली आहे. इकडे बोट खोल पाण्यात उभी राहायची, आणि बंदरातून पडाव तिच्या कुशीला लागले की मुलं, ट्रंका, कोंबड्या सगळं खाली उतरवलं जायचं. तिथून पुढे खाडीतून आत येणाऱ्या होड्या आणि मचवे याच धक्क्याला लागायचे. तुमच्या आजोबांचं गावातलं पहिलं पाऊल या पायऱ्यांवर पडायचं. मुंबईचा तो धक्काही सरकारच्या नव्हे, लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या एका माणसाच्या खटाटोपातून एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. त्यांना लोक भाऊ म्हणत, म्हणून तो भाऊचा धक्का.

आता जे विचारतात की सरकारचं काम आपण का करायचं, त्यांच्यासाठी. प्रश्न रास्त आहे. धक्का सार्वजनिक आहे, त्याची निगा राखणं ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती मी माफ करायला सांगत नाही. गेल्या सहा वर्षांत ग्रामपंचायतीच्या ठरावासह तीन अर्ज गेले. तिन्ही वेळा उत्तर आलं की प्रस्ताव पुढे पाठवला आहे. चौथा अर्ज मी स्वतः घेऊन गेले, तेव्हा तिथल्या एका तरुण अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलं की नव्या बांधकामाला मंजुरी आणि निधी यायला वेळ लागेल, पण जागेवरच्या जुन्या धक्क्याची, त्याचं माप न वाढवता, लोकसहभागातून दुरुस्ती करायची असेल तर तसा अर्ज द्या, अभियंत्याचा नकाशा जोडा, लेखी परवानगी देता येते का ते मी बघतो. तो अर्ज आता दिला आहे. परवानगी हातात आल्याशिवाय आपण एक धोंडा हलवणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. मागणी चालूच ठेवायची आणि कामही करायचं, या दोन्हींत मला विरोध दिसत नाही. पुढचा पावसाळा फाइलीची वाट बघत थांबणार नाही.

दुसरा प्रश्न तरुण मुलं विचारतात. बाई, तरीने आता जातं कोण? २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली, गाड्या पाण्यावरून जाऊ लागल्या, खूप सोय झाली. पण ती खाडीच्या मुखाशी. आपल्यासारख्या आतल्या गावांना पलीकडे जायचं तर रस्त्याने दीड तासाचा वळसा आहे आणि तरीने १२ मिनिटं. मी एका सोमवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा धक्क्यावर बसून वहीत रेघा ओढल्या. ११३ माणसं चढली-उतरली. त्यात शाळेची ३१ मुलं, मासळी घेऊन जाणाऱ्या १२ बायका, दवाखान्यात निघालेले पाच जण, एक नवरा-नवरी. ज्यांच्या दारात मोटारसायकल आहे त्यांना हे लोक दिसत नाहीत, कारण हे रस्त्यावर नसतात.

शिवाय बारक्या होड्या. धक्क्याला बांधलेल्या मी त्या दिवशी १७ मोजल्या. डोलीच्या जाळ्याने मासेमारीला जाणाऱ्या, कालवं-तिसऱ्या काढायला जाणाऱ्या, आणि पर्यटकांना मगरी दाखवायला नेणाऱ्या दोन. त्यांच्याबद्दल पुढे बोलते.

आता काम कसं करायचं ते. पाण्याखालचा तळ उघडा पडतो तो उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, पाणी फार चढतही नाही आणि पुरतं उतरतही नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे खारव्यांच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. तृतीया म्हणजे सव्वादोन, त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास. खाडीत जरा मागेपुढे होतं, ते तांडेलकाका सांगतील. पौर्णिमेच्या दिवशी हीच ओहोटी पहाटे अंधारात येते, म्हणून प्रतिपदा, द्वितीया, तृतीया हे तीन दिवस आपल्या कामाचे. उजेड असतो आणि पाणीही खूप खाली गेलेलं असतं. तळाशी हात चालतील असे रोज अडीच-तीन तास मिळतील. पौष पौर्णिमेनंतरचे तीन दिवस, पौष अमावास्येनंतरचे तीन, आणि माघ पौर्णिमेनंतरचे तीन. अशा नऊ सकाळी. शिमग्याला पालखी निघेल तेव्हा धक्का उभा असेल.

तीन तासांत ओलं काँक्रीट टाकून वर भरती घेता येत नाही, ते धुऊन जातं. म्हणून ठोकळे आधी वर, शाळेच्या मागच्या पटांगणात ओतायचे. मार्गशीर्षात ओतले की २८ दिवस गोड्या पाण्याने भिजवून पौषात तयार. या ठोकळ्यांत सळी अजिबात घालायची नाही. तळाला ताकद वजनातून येते, आणि जिथे लोखंड नाही तिथे गंजायला काही नाही. जुने काळे दगड चिखलात पडलेत, ते ४० तरी शाबूत आहेत. ते काढून पुन्हा बसवायचे. सिमेंट स्लॅगचं, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं, घ्यायचं, खाऱ्या पाण्यात ते जास्त टिकतं. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. समोर खाडीत वाळू आहे, फुकट आहे, म्हणून कुणी ती घमेल्यात भरू नका. सळीच्या स्लॅबात खारी वाळू म्हणजे गंज आपल्या हाताने आत घालणं. गावातल्या ज्या घरांच्या गच्च्या दहा वर्षांत गळायला लागल्या, त्यांच्या मालकांना विचारा वाळू कुठली होती. वाळू नदीची किंवा क्रशची, म्हणजे दगड दळून केलेली, पाणी विहिरीचं.

तळाशी काम चालू असताना पाणी थोपवायला मातीची पोती रचावी लागतील. हे काम आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. दर वर्षी पावसाळा सरल्यावर वहाळावर आपण वनराई बंधारा घालतो, सिमेंटची रिकामी पोती मातीने भरून, एकावर एक सांधे चुकवून. तेच हात, तीच पोती. फरक एवढाच की वहाळाचं पाणी एका बाजूने येतं आणि खाडीचं दोन्ही बाजूंनी.

भिंत उभी करताना खालच्या थरांत पाणी निघायला चार इंची पाइपाचे तुकडे, मागे जाळी आणि खडी. मग भराव, थोर ते बारीक, जुन्यांनी घातला तसा. वरचा स्लॅब अभियंत्याच्या देखरेखीखाली, तीन इंच आवरण मोजूनच ओतायचा. मोजायला मी स्वतः उभी राहणार आहे. पायऱ्यांना फरशी नाही. पाट्याला टाकी लावतात तशी प्रत्येक पायरीला टाकी लावायची, पाय धरेल अशी. कडेला पकडायला लोखंडी नळ्यांचा कठडा लावला की चार वर्षांत गंजतो. त्याऐवजी दगडी खुंटांतून जाड नायलॉनचा दोर ओवायचा. खराब झाला की एका दुपारी बदलता येतो.

कुणी म्हणालं, पिंपांवर तरंगणारा धक्का करू, पाण्याबरोबर वरखाली होईल, म्हाताऱ्या माणसांना बरं. कल्पना मला आवडते. आपल्याकडे उधाणाला पाणी आठ-नऊ फूट वरखाली होतं, आणि तरंगत्या धक्क्यावर तरीची कड आणि पाय ठेवायची जागा नेहमी एका उंचीवर राहते. पण तो बांधायला मागे भक्कम भिंत लागते. आधी भिंत होऊ दे.

धक्क्याच्या उजव्या अंगाला तिवर आणि चिपी वाढली आहे. जागा मोकळी करण्याच्या नावाखाली त्यातली एक फांदीही तोडायची नाही. कांदळवनाला हात लावण्यावर उच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश आहे, तो आहेच. पण त्या मुळांनी उजवीकडचा काठ धरून ठेवला आहे, म्हणूनच धक्क्याची उजवी बाजू अजून उभी आहे. डावीकडे तिवर नव्हती, तिथेच तळ उघडा पडला. आणि रात्री पंप लावून धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर जी वाळू उपसली जाते, ती थांबल्याशिवाय आपला नवा तळही टिकणार नाही. खाडीचा तळ खोल गेला की काठाची माती घसरून तो खड्डा भरते, आणि काठावर आपला धक्का आहे. जे हे करतात ते आपल्यातलेच आहेत. मी कुणाचं नाव लिहीत नाही, तुम्ही हे पत्र वाचणार आहात एवढं मला पुरे.

मानाबद्दल. आपल्या गावात कुठल्याही कामाचा नारळ कुणी फोडायचा यावर काम अडतं. नारळी पौर्णिमेला खारवी याच धक्क्यावरून नारळ सोडतात. मोहल्ल्याच्या होड्या याच खुंटांना बांधलेल्या असतात. ज्यांना एके काळी पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यांची मुलं याच तरीतून शाळेत गेली, माझ्या शेजारी बसून. या धक्क्याला मानकरी नको. पहिला दगड त्या पाचवीतल्या मुलाने ठेवावा असं मला वाटतं. त्याची आई तयार आहे. पाटीवर देणगीदारांची नावंही नकोत. पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर तरीत किती माणसं बसवायची तो आकडा लिहा, आणि तो पाळा.

पैशांचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर रविवारी लागेल. ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांनी नऊपैकी दोन सकाळी द्याव्यात. बायकांनी फक्त चहा-पोहे करायचे असं ठरवू नका. पोती शिवणं, खडी चाळणं, आवरण मोजणं यात बचत गटाच्या बारा जणींनी नावं दिलेली आहेत.

आणि होड्यांबद्दल, सांगितलं होतं तसं. कठडा तुटला तो गंजामुळेच नव्हे, उधाणात होड्या त्यालाच बांधल्यामुळेही. दुरुस्तीनंतर होड्या फक्त खुंटांना बांधायच्या. दोर लांब सोडायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला तुमची होडी बाजूला सारून मध्ये शिरता येतं, आणि पाणी उतरलं तरी होडी दोराला लटकत नाही. साखळी आणि कुलूप घालून जागा अडवायची नाही. पायऱ्यांसमोरची जागा तरीची, तिथे कुणीच बांधायचं नाही, पर्यटकांच्या होड्यांनीही नाही. धक्क्याच्या अंगाला टायर लावू, ते तारेने नको, दोराने. आणि दर अमावास्येच्या ओहोटीला एका वाडीने येऊन पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायचं, पाळी लावून. पावसाळा संपला की हातोडी घेऊन एकदा सगळा धक्का ठोकून बघायचा, कुठे मडक्याचा आवाज येतो का. ही हातोडी मी शाळेत ठेवणार आहे, पाचवी ते सातवीची मुलं ते करतील. त्यांना आवडेल आणि त्यांना कळेलही.

तांडेलकाकांना मी विचारलं, तुम्ही इतकी वर्षं कुणाकडे तक्रार कशी केली नाहीत? ते म्हणाले, "बाई, धक्का मोडला तसं मी माणसांना हात द्यायला लागलो. आधी एका पायरीला द्यायचो, आता चार पायऱ्यांना देतो." ते ७१ वर्षांचे आहेत. त्यांचा उजवा खांदा आता वर जात नाही.

मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या पटांगणात ठोकळे ओतायला सुरुवात करू. लाकडी साचे सुतारकाकांनी करून ठेवले आहेत, आठ आहेत, अजून चार लागतील. मुंबईहून येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीची गाडी धरली तरी वेळेत पोचाल. पौषातल्या ओहोटीच्या दिवशी येताना स्लिपर घालून येऊ नका. खाली कालवं आहेत, पाय चिरतात. जुने बंद बूट आणा, आणि घरात रिकामी सिमेंटची पोती असतील तर तीही.

तुमची,
पलीकडच्या शाळेतली बाई